भरती येईल कशावरून?

मास्तर,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण माझा राग काही गेलेला नाही.

ठाण्याच्या खाडीवर आम्हा विद्यार्थ्यांना घेऊन गेला होता, तो दिवस आठवतो. ओहोटी आहे, चिखल उघडा पडलाय. तुम्ही विचारता, "भरती येईल का रे?" मी म्हणतो, "येईल. रोज येते." "रोज आली, एवढंच तू पाहिलंस. पुढे येईल हे कुठे पाहिलंस? ती मनाची सवय झाली, बुद्धीचा निर्णय नव्हे." चिखलात शिवल्यांचे शिंपले वेचणारी म्हातारी कोळीण खो खो हसली. "बसा मंग तितंच, मास्तर. पाय भिजलं का कलंल!" तुम्हीही हसलात, आणि पाणी वळताच धोतर खोचून सगळ्यांच्या आधी बांधावर चढलात.

त्या 'कशावरून'ची मला चटकच लागली. देवापासून वैद्यापर्यंत कुणाला सोडलं नाही. पुढे देवीची साथ आली, लस टोचणारा सरकारी माणूस गावात आला. माझी मुलगी चार वर्षांची. मी तडक तुमच्याकडे आलो. "टोचलेली मुलं वाचतात म्हणतात. माझी वाचेल कशावरून?" तुम्ही सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणालात, "खात्री म्हणशील, तर ती कुणालाच देता यायची नाही." बस्स! 'पण टोचून घे' एवढं तुमच्या तोंडून निघालं नाही. मी परत गेलो. पंधरवड्यात मुलीला देवी आल्या आणि ती गेली.

त्याच वर्षी तुम्हीही गेलात. तुमच्या दिवसांना आलो, तर तुमचा नातू उघडाच बसलेला, दंडावर टोचल्याच्या खुणा. सूनबाई म्हणाल्या, "मामंजींनीच मांडीवर धरलं होतं त्याला." मी तिथे पाणीसुद्धा प्यायलो नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! शिष्याला शंका आणि नातवाला लस? एक शब्द मलाही सांगितला असतात, तर तुमच्या तत्त्वज्ञानाचं काय बिघडणार होतं?

हे पत्र कुठे पाठवणार, आणि कुठल्या तोंडाने? एक गोष्ट तेव्हा तुम्हाला सांगितली नव्हती. त्या काळी एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस दुसऱ्याला टोचत. टोचणाऱ्याने बरोबर आणलेलं पोर खाडीवरच्या त्या कोळणीचा नातू होता. कोळ्याच्या अंगातलं माझ्या मुलीच्या अंगात नको, हे मी घरीच ठरवून निघालो होतो. 'कशावरून' मला वाटेत सुचलं.