जादाची वाटलेली डिस्क

दसऱ्यानंतरचा मंगळवार, तेलगाव

आज वाचलो बुवा! अजून हसू आवरत नाही.

सलीमभाईंच्या फोटो स्टुडिओत लागून आठवडाच झालाय. त्यांच्या कॉम्प्युटरात दोन सारख्या डिस्क दिसल्या. एक जादाची असेल, तिच्यात आपली गाणी भरू, म्हणून चालू मशीनमधून सरळ उपसली. लई गरम होती. स्क्रीनवर लाल अक्षरं आली, आणि मग आठवलं, शीलाताईच्या लग्नाची फिल्म आत्ता तिच्या मोबाइलात भरतेय! ती समोरच बसलेली. तिची टोळी आजच ऊसतोडीला निघणार. फिल्म गेली तर दुसरं लग्न कुठून आणू?

भाई चहा पिऊन आले. "कावून उपसली बे?"

"जादाची वाटली."

"जादाची न्हाई, जोडीदार हाय. दोघींत एकच माल ऱ्हातो. एक गेली तरी दुसरी काम सोडत न्हाई."

खरंच, फिल्म थांबलीच नव्हती! ती गरम डिस्क हातात धरून मी येड्यासारखा नाचलो. परत बसवली, तर न सांगता निघालेली म्हणून कॉम्प्युटर तिला घेईना. भाईंनी हुकूम देऊन जोडली, तेव्हा दुसरीवरचं सगळं तिच्यात पहिल्यापासून उतरायला लागलं. मीही किती ठिकाणांहून न सांगता निघालोय... जाऊ दे.

बाहेर टोळीचा ट्रॅक्टर भोंगा वाजवायला लागला. शीलाताई मोबाइलातल्या लग्नाच्या वरातीवरून डोळे काढेना. "थांबा की वो," ती ओरडली, "आमचे बापू अजून नाचायलेत!"