पाताळखाणीत पेंग्विन

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. इकडे सगळे जिवंत आहेत. खुशाल आहेत असं मात्र माझ्यानं लिहवत नाही. तुझा गुडघा काय म्हणतो? भाचीच्या बिल्डिंगची लिफ्ट अजून दोन मजल्यांच्या मध्येच थांबते का? (थांबत असेल तर दाराच्या खालच्या खाचेत कचरा अडकलाय. तिथल्या माणसाला सांग, एक मेकॅनिक सांगतोय म्हणून.) लेकीकडे पंधरा दिवस म्हणून गेलीस त्याला आज तीन महिने चार दिवस झाले. मी मोजत नाही, मोजणारं माणूस वेगळं आहे आणि ते मला रोज सकाळी आकडा ऐकवतं. जाताना तू बजावलं होतंस की पत्र खुशाल लिही, पण "त्यांच्याबद्दल" एक अक्षर नको. म्हणून या पत्रात भाऊजींबद्दल एक अक्षर नाही. "दिवसभर हाका मारून डोकं उठवतेस, माझ्या कानांना जरा सुट्टी दे" असं जो माणूस बायकोला तोंडावर म्हणतो त्याच्याबद्दल लिहायचं तरी काय? तू सुट्टी दिलीस, बॅग भरलीस आणि गेलीस. झकास केलंस. विषय संपला.

लिहितोय ते माझ्या डोक्याच्या तापाबद्दल. आमच्या पार्कातली पाताळखाण तुला माहीत आहे, म्हणजे बाहेरून माहीत आहे, कारण तू आत कधी पाऊल टाकलं नाहीस. (चक्कर येते म्हणे. स्टुलावर चढून माळा आवरताना बरी येत नाही.) तर कोळशाची खाण, त्यात रुळांवरून जाणारे लोखंडी गाडे, काळोख, कंदील, मुकादमाचा दरडावणारा आवाज आणि शेवटी सहा मजले सरळ खाली. एकोणीस वर्षं हा प्रकार मी तेल घालून, नटबोल्ट आवळून आणि शिव्या देऊन चालवला. आता नवे साहेब आलेत. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की लोकांना काळोख नको, आनंद हवा. म्हणून खाण बंद करायची, आतून गुलाबी रंग मारायचा, कंदिलांच्या जागी पेंग्विन बसवायचे आणि शेवटी गाडा कोसळणार तो आइस्क्रीमच्या वाटीत. वाटीचं चित्र मी पाहिलं. न्हाणीघरातल्या टबासारखी दिसते. पण मी म्हटलं, आपल्याला काय, रूळ तेच, ब्रेक तेच, खाली पडणारी माणसंही तीच.

आणि ही बातमी बाहेर फुटली, ताई! दुसऱ्या दिवशी फाटकावर माणसं. हातात फलक, "खाण आमची आई आहे". मला सांग, कोळशाची खाण कुणाची आई कशी असेल? आणि फलक धरणारा कोण, तर गेली सात वर्षं दर महिन्याला मला तक्रारीचं पत्र लिहिणारा तो टोपीवाला! तिसऱ्या वळणावर गाडा डावीकडे आदळतो, मणके ढिले होतात, हलगर्जीपणा, निष्काळजीपणा, मेकॅनिकला काढून टाका, असं स्वच्छ अक्षरात लिहायचा. मी गेल्या वर्षी जिवाचं रान करून तो धक्का काढला. आता हाच इसम म्हणतो की तो धक्का हा खाणीचा आत्मा होता, तो परत बसवा. मी त्याला विचारलं, अहो, मणक्यांचं काय? म्हणाला, मणके काय, पुन्हा येतील. मी हात टेकले.

तो एकटा असता तर परवडलं असतं. त्यांचं मंडळ आहे. एक निवृत्त शिक्षिका अध्यक्ष आहेत, बोलताना माझी शिकवणी घेतात. एक दातांचा डॉक्टर आहे, त्यानं दुसऱ्या कंदिलाची थरथर मोजून वहीत लिहून ठेवली आहे. ती थरथर म्हणजे खाणीत गाडल्या गेलेल्या मजुराचा संदेश, असा त्याचा सिद्धांत. अरे बाबा, ती वायर सैल आहे! एकोणीस वर्षं आवळायची राहून गेली म्हणून मी मान खाली घालून फिरतोय आणि हा त्यात संदेश वाचतोय! एका जोडप्याचं लग्न इथल्या रांगेत जमलं म्हणून ते भिंतीचा तुकडा मागतात. एकानं तर "खाणीतला खरा कोळसा" म्हणून डबीभर भुसा नेला. काळा रंग दिलेला भुसा आहे, मीच दिलाय, माझ्या नखांतून अजून गेलेला नाही. हे मी त्याला समजावलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं माझ्या नखांचा फोटो काढला. समोरच्या फुटपाथवर पेंग्विनवाल्यांचं वेगळंच मंडळ उभं राहिलं, गुलाबी टोप्या घालून. अजून न झालेल्या पेंग्विनाच्या सन्मानासाठी परवा दोघांची झटापट झाली. सोडवायला कोण, तर मी. शर्टाचा खिसा गेला.

आता मुख्य गोष्ट, आणि इथं तू जरा बसून घे. या मंडळाची पहिली मागणी धक्क्याची नाही, कंदिलाची नाही. "खाणीतली बाई" वाचवा, ही आहे. गाडा सगळ्यात वर जाऊन थांबतो, मुकादम म्हणतो, "हात आत घ्या रे, खाली बघू नका", मग एक खोकला, आणि मग लांबून, काळोखातून, एका बाईचा करवादलेला आवाज येतो: "अहो, येताय ना? डबा गार होतोय!" आणि त्याच क्षणी गाडा सुटतो. एकोणीस वर्षं माणसं या वाक्यावर किंचाळताहेत. मंडळाच्या मते ती खाणीत गाडल्या गेलेल्या मजुराची बायको, जी अजून डबा घेऊन उभी आहे. तिचं चित्र काढून घेतलंय त्यांनी. केस मोकळे, पांढरं लुगडं, डोळे खोल गेलेले. शर्टांवर छापलंय. चित्राला हारसुद्धा घातला.

ताई, ती बाई तू आहेस.

ओरडू नकोस, भाचीचे शेजारी काय म्हणतील. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आवाज देणारा नट घसा बसला म्हणून आलाच नाही. जुने साहेब म्हणाले, इलेक्ट्रिशियनचा आवाज भारदस्त आहे, त्यालाच बोलवा. म्हणून तुझ्या नवऱ्याला (हे भाऊजींबद्दल नाही, हे पार्काच्या इतिहासाबद्दल आहे) हत्यारांच्या खोलीत उभं करून मुकादम बोलायला लावला, आणि टेपचं बटण माझ्या हातात होतं. तू दाराशी डबा घेऊन उभी होतीस, दोनदा हाक मारून झाली होती, तिसरी त्यात शिरली. तुला कळल्यावर तू आमच्या दोघांची हजेरी घेतलीस आणि म्हणालीस, आत्ताच्या आत्ता पुसा ते. आम्ही म्हटलं, पुसलं. ताई, नाही पुसलं. मी पुसायला घेतलं होतं, शपथेवर सांगतो. भाऊजींनी माझा हात धरला. म्हणाले, राहू दे, कुणाला कळणारे. सगळ्या गावानं ऐकलं, एक तू सोडून.

आता नवे साहेब या लोकांपुढे अर्धे नमलेत. बाई ठेवू म्हणाले, पण जुनी टेप झिजून खरखरते, तेव्हा नव्यानं ध्वनिमुद्रण करायचं, आणि वाक्य करायचं "अहो, येताय ना? आइस्क्रीम वितळतंय!" त्यासाठी गोड गळ्याच्या अकरा बायका बोलावल्या. मंडळाला पडद्याआड बसवून ऐकवलं. अकराच्या अकरा नापास. एकीचा आवाज फार प्रेमळ, एकीचा फार रागीट. नवव्या बाईला तर शिक्षिकाबाईंनी सरळ सांगितलं, "तुम्हाला रोज उशिरा येणारा नवरा नाही, ते ऐकू येतं." दातांचा डॉक्टर म्हणाला, मूळ बाईच्या आवाजात राग आहे, पण पाय निघत नाही. मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही.

या सगळ्यात आगीत तेल ओतणारा एक म्हातारा आहे. टोपीवाल्याच्या दोन पावलं पुढे उभा राहून सगळ्यात मोठ्यानं घोषणा देतो. फलक उलटा धरतो. कामावर असताना हाच माणूस या खाणीला "भंगार" म्हणायचा, चहाच्या सुट्टीत तिकडे पाठ करून बसायचा. आता साहेबांच्या गाडीपुढे आडवा झाला. (झोपला, पण ऊन लागलं म्हणून सावलीत सरकला, गाडी निघून गेली.) मी त्याला चार लोकांत ओळख दाखवत नाही. तो कोण हे मी लिहिणार नाही, कारण मी तुला शब्द दिलाय.

असो. पत्र फार लांबलं. जावयांना नमस्कार, भाचीला आशीर्वाद, नातीला एक पापा, लिफ्टला माझ्याकडून एक लाथ.

पेंग्विनांच्या तावडीत सापडलेला,
तुझा धाकटा

ता. क. साहेबांनी विचारलंय की मूळ बाई हयात असेल तर एकदा येऊन वाक्य बोलेल का. मी म्हटलं, हयात आहे, आणि हे ऐकल्यावर तुम्ही हयात राहाल का ते बघा. येशील का? एका दुपारचं काम आहे. पेंग्विनाकडे बघायची सक्ती नाही. खाण या रविवारी शेवटची चालणार.

ता. क. २. शब्द मोडतो, माफ कर. पार्कातल्या निवृत्त माणसांना आत फुकट सोडतात. भाऊजी रोज दुपारी एक वाजता येतात, शेवटच्या गाड्यात शेवटच्या बाकावर एकटे बसतात. त्यांना उंचीची भीती आहे, तुला माहीत आहे, वर जाईपर्यंत डोळे मिटून दांडा घट्ट धरून असतात. तुझा आवाज येतो, मग पडतात. उतरले की पुन्हा रांगेत जाऊन उभे राहतात. काल चार वेळा बसले. मी म्हटलं, भाऊजी, फोन करा ना सरळ. म्हणाले, काय तोंडानं करू, सुट्टी मीच मागितली होती. ताई, आवाजाचं राहू दे. पेंग्विन गेले खड्ड्यात. रविवारी एक वाजता तू नुसती हत्यारांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहा, बाकी मी बघतो.

ता. क. ३. घोटाळा झाला. पत्र टेबलावर ठेवून डिंक आणायला गेलो तेवढ्यात भाऊजी आले आणि त्यांनी ते पहिल्यापासून वाचलं. आता फाडणार म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी चष्मा पुसला, माझ्या खिशातलं (उरलेल्या खिशातलं) पेन काढलं आणि म्हणाले, यात एक चूक आहे, तेवढी दुरुस्त करतो. खालचं अक्षर त्यांचं.

रोज जातो हे खोटं आहे. मंगळवारी पार्क बंद असतं.