इटलीतलं निवांत घर

बेसिंगस्टोक, इंग्लंड, ३ ऑक्टोबर

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. बाबांचा गुडघा कसा आहे? आम्ही मजेत आहोत. फोनवर बोलताना शार्दूल शेजारीच बसलेला असतो, म्हणून आज पत्र.

सईच्या शाळेला हाफ-टर्मची आठवडाभर सुट्टी आहे, तेव्हा आम्ही तिघं इटलीला चाललोय. रोम नाही, व्हेनिस नाही. शेतातलं एक घर आहे, भोवती ऑलिव्हची झाडं. सीझन संपलेला, त्यामुळे आसपास चिटपाखरू नसेल. नोकरी गेल्यापासून शार्दूलला झोप नाही. डॉक्टर म्हणाल्या, शांत ठिकाणी जा. काळजी करू नकोस, जेवतो नीट तुझा जावई.

इथल्या महाराष्ट्र मंडळात मी मुद्दामच बोलले नव्हते. एकाला कळलं की चार कुटुंबं कुकर आणि चिवड्याचे डबे घेऊन हजर होतात, आणि सकाळपासून अंताक्षरी!

काल शार्दूलला घराचे फोटो दाखवले. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "छान आहे. इथे माणसाचं काही झालं तर आठवडाभर कुणाला कळणारही नाही." आणि हसला. मला हसता आलं नाही.

आज सकाळी मीच मंडळातल्या देवयानीला फोन केला. म्हटलं, शांततेसाठी इटलीत एक घर ठरवलं होतं, आता मोठं बघतेय, तुम्ही सगळे या.

"अगं, पण तुला तर शांतता हवी होती ना?"

"कुकर दोन आण," म्हटलं.

आई, तूही त्याला रोज फोन करत जा. मी सांगितलं म्हणू नकोस. निमित्त काहीही चालेल. बाबांचा गुडघासुद्धा.

तुझी,
मुक्ता