कोच, तुमच्या मुलीला काय सांगू?

कोच,

तुम्हाला जाऊन महिना झाला आणि तुमच्या मुलीचा ईमेल आलाय. "पपांना काही त्रास होता का? तुम्ही रोज सोबत होता." सायबर कॅफेत उत्तर द्यायला बसलो आणि आधी तुमच्यावरच भडकलो. हे तुम्हाला वाचता येणार नाही, ठाऊक आहे. पण मला धड चिडता येतं ते मराठीतच!

सौदीत, अल-खोबरच्या मॉलमधल्या आइस रिंकवर चार वर्षं मी बर्फ सांभाळायचो, तुम्ही मुलांना हॉकी शिकवायचात. तुमच्या देशात अकरा सीझन व्यावसायिक खेळलेला माणूस! पुढचे दात गेलेले, नाक वाकडं, आणि त्याचंच कौतुक. डोक्याला धडक बसली की टीमचा डॉक्टर "आज वार कोणता?" विचारायचा, म्हणून मॅचआधीच स्टिकच्या टेपवर वार लिहून ठेवायचात. सांगताना केवढे हसायचात! मीही हसलो. काय गाढव होतो मी.

इथेही तेच. रोज सकाळी "रफीक, टुडे?" मी सांगायचो, तुम्ही मनगटावरच्या टेपवर लिहायचात. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून गोंधळत असाल असं मला वाटायचं. मग एकदा तासाभरात तीनदा विचारलंत. उलटी झाली. आणि वर मलाच दम, "नो डॉक्टर!"

का ऐकलं मी तुमचं? आपल्या कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, आजारी फिटरला "खलास" म्हणून आठवड्यात घरी धाडलं होतं, ते आपण दोघांनी बघितलं होतं. तुम्ही गेलात तर रिंक बंद, माझा इकामाही, म्हणजे इथे राहायचा परवानाच, गेला, ही भीती. म्हणून परवान्यासाठीच्या सक्तीच्या तपासणीत आपल्याकडच्या डॉक्टरांनी मला "इनको चक्कर आता है?" विचारलं, तेव्हा मीच मध्ये बोललो, "नहीं साब, एकदम फिट." बाहेर येऊन तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. नको होती मला ती थाप, कोच!

त्या दिवशी असरच्या, दुपारच्या नमाजासाठी रिंक बंद झाली. जाताना मी बजावलं, "स्केट घालायचे नाहीत." तुम्ही मान डोलावलीत. परत आलो तर बर्फावर पडलेले, डोक्यावर हेल्मेटसुद्धा नाही. वीस मिनिटं बाकावर बसवलं नाही तुम्हाला? कोणाला दाखवायचं होतं? सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या!

लोक म्हणतात, आवडीचं काम करताना गेला. मला संताप येतो. डॉक्टरसमोर कोणीतरी एकाने खरं बोलायला हवं होतं.

शब्द देतो, आजच तिला सगळं लिहीन. तुमची उलटी, माझं खोटं, दोन्ही. ती मला शिव्या घालेल. घालू दे. तिला रागवायला निदान एक जिवंत माणूस मिळेल. मला तोही मिळाला नाही.

तुमच्यावर अजून चिडलेला,
रफीक