पुन्हा उभी होणारी गाडी

अम्मी, चंद्रपूरला एका दुपारी तू गाडीमागून गाडी फोडली होतीस, आठवतं का तुला? घरात आपण हिंदी बोलायचो, पण तुझा राग, तुझी थट्टा, तुझे टोमणे सगळे मराठीत. तुझ्याकडे कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या बायांकडून उचललेल्या इकडच्या मराठीत. म्हणून मीही मराठीतच लिहिते. आता तर शाळेत मराठीच शिकवते. याच नोकरीवरून तेव्हा आपलं वाजलं होतं. शाळा आपल्या मुलचेऱ्यापासून आत जंगलात, तिथे एसटी जात नाही, मोपेडशिवाय रोजचं जाणं-येणं होणार नाही. आणि तू म्हणायचीस, "नको करू नोकरी. मले तू जित्ती पाह्यजे." त्याच्या चार वर्षं आधी अब्बा तू शिवलेले कपडे दुचाकीवर घेऊन बाजाराला निघाले आणि त्याच रस्त्याच्या वळणावर ट्रकखाली गेले. तेव्हापासून तू दुचाकीवर बसली नव्हतीस, मला बसू देत नव्हतीस. एसटीतसुद्धा समोरून ट्रक आला की ओढणीत तोंड खुपसायचीस. रुजू व्हायचा दिवस जवळ येत होता. मी हट्टाला पेटलेली आणि तू माझ्याहून हट्टी. खाण तशी माती, दुसरं काय!

त्या दिवशी आपण अस्तर आणि दोऱ्याची रिळं आणायला चंद्रपूरला गेलो होतो. मे महिना. तिथलं ऊन काय सांगू, तुला ठाऊकच आहे. बसला वेळ होता आणि स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातून एसीची गार हवा दारापर्यंत येत होती. "घडीभर इथी बसू," म्हणत तू आत शिरलीस आणि रिकामी दिसली त्या खुर्चीत बसलीस. ती नेमकी गाडीच्या खेळाची खुर्ची. समोर पडदा, हातापाशी स्टिअरिंग, पायाखाली दोन पेडल. दुकानवाला भाऊ म्हणाला, "बाई, नुसतं बसता येत नाई इथी, खेळा लागते." मला वाटलं, आता तू तणतणत बाहेर पडशील. पण बाहेरचं ऊन बघून तू माझ्याकडेच वळलीस, "मंग खेळू ना. सांग त्याले, चालू कर म्हणा."

आणि खेळ सुरू झाला. मी अजून हसते. तू उजव्या हाताने स्टिअरिंगला स्वतःकडे एक झटका दिलास आणि दोन्ही पाय पेडलांवर ठेवून टाच-चवडा, टाच-चवडा हलवू लागलीस. शिलाईची पायमशीन सुरू करावी तशी! जन्मभर तुला चाक आणि पायाखालचा पायटा यांचा तेवढाच संबंध माहीत. गाडी बिचारी धावते, थांबते, धावते, थांबते. तुला काही त्यात वावगं दिसत नाही. "धागा तुटून राह्यला वाटते इचा," तू मला म्हणतेस आणि आख्खं दुकान खदखदा हसतं. भाऊने ब्रेकवरचा पाय बाजूला घ्यायला सांगितला. तू घेतलास, आणि गाडी सुसाट सुटली. पडद्यावर झाडं, डोंगर, आणि समोरून ट्रक. तू "या अल्ला" म्हणून डोळ्यांवर हात घेतलेस. गाडी धडकली, हवेत उडाली, तिने पलट्या खाल्ल्या. कुठे बसू दिलं मी हिला, असं झालं मला.

तू बोटांच्या फटीतून पाहिलंस. गाडी रस्त्यावर उभी होती. चकचकीत, एक ओरखडा नाही. "उभी झाली?" तू विचारलंस. "आतला माणूस? मेला नाई का थो?" भाऊ म्हणाला, "इथी कोणी मरत नाई, बाई." तू त्याच्याकडे असं पाहिलंस की तो हसायचा थांबला. मग तू मुद्दाम गाडी झाडावर घातलीस. उभी झाली. भिंतीवर. उभी झाली. मग ट्रक शोधलास. या वेळी डोळे झाकले नाहीस, उघड्या डोळ्यांनी सरळ ट्रकवर नेलीस. गाडी उडाली, पलटली, आणि आली परत रस्त्यावर. चार वर्षांत तू ट्रककडे पाहिलं नव्हतंस अम्मी, आणि आता पापणी न हलवता बघत होतीस. मी तुझ्या मागे खुर्चीची पाठ धरून उभी होते आणि मला तुझी भीतीच वाटली, एवढी मोठी दिसलीस तू मला.

वेळ संपला, पडदा काळा झाला. तू हळूच म्हणालीस, "तुह्या अब्बाले असा एक डाव भेटला पाह्यजे होता." मग उठलीस, मला खुर्चीत बसवलंस आणि मागून माझे दोन्ही खांदे धरलेस. "आता तू चालव. मी पाह्यतो." मी जीव मुठीत धरून चालवली. पूर्ण डावभर तुझी बोटं माझ्या खांद्यात रुतलेली होती. परतीच्या बसमध्ये समोरून ट्रक आला तेव्हा तुझी ओढणी जागची हलली नाही. "डोये मिटले का जास्त भेव वाटते," तू खिडकीकडे बघत म्हणालीस, "घेऊन टाक गाडी."

शाळेच्या पहिल्या दिवशी तू मोपेडवर माझ्या मागे बसून आलीस, अब्बांच्या वळणापर्यंत. तिथे उतरलीस. रस्ता नीट पाहून घेतलास, अंगणात सडा टाकायच्या आधी बघावं तसा. "आता जा तू. मी पायदळ जातो घरी," म्हणालीस. आरशात बराच वेळ तू दिसत होतीस. इतकी वर्षं मी त्या वळणावरून जाते आहे आणि रोज सुखरूप परतते आहे.

तू गेलीस ती अंथरुणात, झोपल्यासारखी. ही चिठ्ठी तुझ्या मशीनच्या खणात बॉबिनांशेजारी ठेवते, दुसरीकडे कुठे टाकणार? पण एक सांगते. आज मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका पोरीने मोबाईलवर गाडीचा खेळ लावून माझ्या हातात दिला. "बाई, पयला नंबर आणा," म्हणाली. मी पहिल्याच वळणावर गाडी झाडावर घातली, मुद्दाम. पोरगी ओरडली, "बाई, तुमाले काईच येत नाई!" गाडी पुन्हा उभी झाली. मी परत घातली.