तव्यावरची अँटेना

रविवार, ३१ ऑगस्ट २०२५, र्युसेल्सहाइम

सूड घ्यायचा. नक्की. त्यासाठी ही नवी वही.

काल मंडळाच्या गणपतीत प्रतापने पुन्हा माझी नक्कल केली. साठ माणसांसमोर, आरतीनंतर, हातात मोदक असताना. प्रताप माझा साडू. नीलांबरीच्या धाकट्या बहिणीचा, संपदाचा नवरा, मुक्काम बॉबलिंगेन. दोन वर्षांपूर्वी आमचे सासरे, आप्पा, पहिल्यांदा जर्मनीत आले तेव्हा मी झेंडूचा हार घेऊन फ्रँकफुर्ट स्यूडला, म्हणजे दक्षिण स्टेशनवर, उभा होतो आणि आप्पा फ्रँकफुर्ट हाउप्टबानहोफला, मुख्य स्टेशनवर, उतरले. दोन तास दहा मिनिटं बाकावर बसले. घटना एवढीच. प्रताप ती वीस मिनिटं सांगतो आणि शेवटी हार सावरत मी प्लॅटफॉर्मवर कसा धावलो ते धावून दाखवतो.

प्रताप तेव्हा तिथे नव्हताच. तरी नक्कल हुबेहूब, डावा खांदा वर उचलण्यासकट. म्हणजे घरात कोणीतरी फितूर आहे. संशय : नीलांबरी.

शेवटच्या पानावर 'प्रतापचे अपराध' अशी यादी सुरू केली. आठवून आठवून सोळा झाले. सतराव्यासाठी जागा ठेवली आहे.

मंगळवार, २ सप्टेंबर

आप्पांचा फोन. ऑगस्टपासून ते प्रतापकडेच आहेत. २७ तारखेला ट्रेनने आमच्याकडे येणार, एकटे, एक महत्त्वाचं बोलायचंय म्हणाले.

काय बोलायचंय ते मला लगेच कळलं. ऑक्टोबरात आप्पांचं सहस्रचंद्रदर्शन. बॉबलिंगेनला करायचं की आमच्याकडे, ते ठरवायला येतायत. परीक्षाच म्हणायची! हा मान मला मिळाला की प्रतापला पाटावर बसवून वाढायचं आणि तो जेवत असताना एक अवाक्षर बोलायचं नाही. नुसतं बघायचं.

म्हणजे २७ तारखेला चूक नको. ॲपवर विश्वास नाही, ॲपनेच मागे माझा घात केला. (नीलांबरीच्या मते मी ॲप उघडलंच नव्हतं. ही तपशिलात शिरते.)

रात्री जेवताना सुचलं. आप्पा भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात चौतीस वर्षं सेक्शन कंट्रोलर होते. गाडी कुठे आहे ते त्यांना कानांनी कळायचं. मग त्यांच्या जावयालाही तसंच कळलं पाहिजे. रेल्वेची वायरलेस ऐकायची! ड्रायव्हर कंट्रोलला काय सांगतो ते थेट माझ्या गाडीत. वायरलेस पकडणारा स्कॅनर आमच्या मुलाच्या, मिहीरच्या जुन्या सामानात आहे. गाडीच्या पत्र्यामुळे आत नीट ऐकू येत नाही म्हणतात, म्हणून बाहेर अँटेना हवा.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

अँटेनाचा अभ्यास पूर्ण. तीन प्रकार : छताला भोक पाडून, काचेवर चिकटवून, लोहचुंबकाच्या बुडाचा. भोक सर्वोत्तम. नीलांबरी म्हणाली की गाडी लीझिंगची आहे, भोक पाडायचंच असेल तर स्वतःच्या डोक्याला पाडा. म्हणून चुंबकवाला मागवला. निर्णय माझाच.

जर्मन रेडिओ फोरमवर नाव नोंदवलं. 'फुंकओपा', म्हणजे रेडिओ-आजोबा, अशा नावाच्या एकाने लगेच उत्तर दिलं. दुसऱ्यांची वायरलेस ऐकायला इथे कायद्याने मनाई आहे, आणि मोठ्या मार्गांवर सगळं केव्हाच डिजिटल झालंय, बाहेरच्याला काहीही ऐकू येत नाही. आल्झो, थोडक्यात, म्हातारा घाबरट. मला ऐकायचं नाहीये, फक्त गाडी कुठे आहे ते कळायला हवंय. दोन्हींत फरक आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

अँटेना आला. छान उंच, काळा. छतावर ठेवला. घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. चुंबक खराब, निकृष्ट माल, चीड आली. कंपनीला कडक ईमेल लिहीत होतो तेवढ्यात स्वानंदी शाळेतून आली. बघून म्हणाली, पापा, दास इस्ट ग्लास.

पॅनोरामा रूफ. सगळं छत काचेचं. मीच निवडला होता. प्रतापच्या गाडीला आहे म्हणून.

बॉनेटवर लावून पाहिला, ते ॲल्युमिनियमचं. मागचं दार प्लास्टिकचं. या गाडीत लोखंड आहे कुठे? प्रताप असल्या गाड्यांची तारीफ करत होता तेव्हाच ओळखायला हवं होतं. अपराध क्रमांक १७.

रविवार, १४ सप्टेंबर

दुकानं बंद. घरात लोखंड शोधलं. तवा! पोळ्यांचा, साताऱ्याहून आणलेला, जाड बिडाचा. चुंबक असा बसला की दोन्ही हातांनी ओढला तरी निघेना. तवा छताच्या रेलिंगला पंच्याच्या चिंध्यांनी बांधला, वर अँटेना. सुरेख दिसतो. समोरच्या फ्राउ क्लाइन बाल्कनीतून बराच वेळ बघत होत्या. कौतुकानेच.

संध्याकाळी नीलांबरी तवा शोधत होती. मीही शोधायला मदत केली.

बुधवार, १७ सप्टेंबर

आवाज येतो, पण नुसती खरखर. फोरमवर फोटो टाकला. फुंकओपा आधी हसले (चार हसरे चेहरे), मग लिहिलं : 'डीर फेल्ट मास्से.' तुला मास्से कमी पडतंय.

गेनाऊ! अगदी बरोबर! मास्से म्हणजे वस्तुमान. वजन. मी जर्मनची बी-वन परीक्षा पास आहे, उगाच नाही. गाडी हलकी, म्हणून अँटेना थरथरतो, म्हणून खरखर. फिजिक्स आहे.

डिकीत दहा-दहा किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या, डंबेल्स, आणि नीलांबरीचा कोल्हापूरचा पाटा-वरवंटा. मागची बाजू खाली बसली, पुढचे दिवे आता झाडांच्या शेंड्यांवर पडतात. पण खरखर कमी झाली. नक्की कमी झाली.

शनिवार, २० सप्टेंबर, दुपारी ३

विजय! आवाज आला! स्टेशनजवळ उभा होतो. माणसाचा स्पष्ट आवाज : नोख आइन श्ट्युक, नोख आइन श्ट्युक... श्टॉप! म्हणजे अजून थोडं, अजून थोडं, थांब. ड्रायव्हरला गाडी प्लॅटफॉर्मला लावायला सांगत होते. अंगावर काटा आला. आप्पांना हेच ऐकवायचं.

गाडी मात्र दिसली नाही. बहुधा मालगाडी, पलीकडच्या रुळावर. शेजारी नव्या इमारतीची क्रेन आहे, तिने दृश्य अडतं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

उद्या. गाडी फ्रँकफुर्ट विमानतळ स्टेशनवर १४.०६. हार फ्रिजमध्ये. स्वानंदी म्हणाली की ती सोबत येते, ॲप बघते. नको म्हटलं. ही माझी आणि प्रतापची गोष्ट आहे. ती म्हणाली, ओपाची नाही का? या पोरांना इतिहास माहीत नसतो.

पाटावर प्रतापला काय वाढायचं तेही ठरवलं. दुधीची भाजी. त्याला आवडत नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

१३.२० विमानतळ. पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटरची पाटी. अँटेनासकट आपण दोन मीटर चाळीस. मागे गाड्यांची रांग, हॉर्न. मागे आलो. बाहेर एका बांधकामाशेजारी उभा राहिलो. हरकत नाही, सिग्नल इथे उत्तम.

१३.४८ आवाज! नोख आइन श्ट्युक. गाडी येतेय. वेळेच्या आधी. प्रताप, बघ.

१३.५१ श्टॉप! श्टॉप! आलेस त्सुर्युक! दोनदा. सगळं मागे! गाडी मागे वळवली! मागचं मोठं स्टेशन मानहाइम. म्हणजे आप्पांना मानहाइमला उतरवणार. बाकी कोणालाच हे माहीत नाही. स्टेशनात लोक वेड्यासारखे उभे असतील. निघालो.

१५.१० मानहाइम. सर्व प्लॅटफॉर्म पाहिले. हारासकट.

१५.२५ नीलांबरीचे नऊ मिस्ड कॉल. उचलला. आप्पा घरी आहेत. गाडी १४.०६ ला आली. मिनिटाचाही उशीर नाही. रोज गाड्या लेट असणाऱ्या या देशात. आजच. स्वानंदी न सांगता एस-बानने, लोकलने, विमानतळावर जाऊन त्यांना घेऊन आली.

आधी तवा घेऊन या, नीलांबरी म्हणाली. फ्राउ क्लाइननी सांगितलं असणार.

रविवार, २८ सप्टेंबर

सकाळी आप्पा खाली येऊन गाडीभोवती फिरले. तव्यावर टिचकी मारली. मी सगळं समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी, कंट्रोलमध्ये ऐकायचे तसंच. मग म्हणाले, जावईबापू, तो क्रेनवाला होता. रेल्वेत असा आरडाओरडा करत नाहीत. स्वानंदीने मध्येच सांगितलं की मास्से हाइस्ट एर्डुंग, पापा. अर्थिंग. वजन नाही. पाटा डिकीतून काढताना कंबर धरली.

चहा घेताना मी विषय काढलाच. प्रताप माझी नक्कल करतो, मला फार लागतं, आणि घरातलं कोणीतरी त्याला माहिती पुरवतं. नीलांबरीकडे बघून म्हणालो.

आप्पा हसायला लागले. खोकला येईपर्यंत. म्हणाले, मीच शिकवली की त्याला. हार घेऊन तुम्ही माझ्या समोरून तीन वेळा धावत गेलात, एकदा तर माझ्या पायावरून. हाक मारणार होतो, पण चौतीस वर्षांत प्लॅटफॉर्मवर माझ्यासाठी कोणी असं धावलं नव्हतं, म्हणून जरा बघत बसलो. प्रतापला अजून खांदा नीट जमत नाही.

मग पिशवीतून पत्रिका काढली. सहस्रचंद्रदर्शन, ११ ऑक्टोबर, बॉबलिंगेन. हॉल जुलैतच ठरलाय. जावयाला पत्रिका हातात द्यायची, पोस्टाने नाही, म्हणून आले होते. तेच महत्त्वाचं बोलणं.

वर म्हणाले, तुम्ही ट्रेननेच या. मी घ्यायला येतो. उतरलात की हलू नका.

शनिवार, ११ ऑक्टोबर, बॉबलिंगेन

गाडी चाळीस मिनिटं लेट. आप्पा प्लॅटफॉर्मवर होते, हातात झेंडूचा हार. शेजारी प्रताप, मोबाईल रोखून.

मी उतरलो. हललो नाही. आप्पा डावा खांदा वर उचलून, हार सावरत माझ्या दिशेने धावत आले आणि मला ओलांडून पुढे गेले. वळले. पुन्हा ओलांडून गेले. ऐंशी वर्षांचा माणूस! तिसऱ्या फेरीत हार माझ्या गळ्यात घातला आणि बराच वेळ माझा खांदा धरून धापा टाकत हसत राहिले. मला ओरडायचं होतं. पण हार सावरत त्यांनाच धरून उभा राहिलो.

जेवणात दुधीची भाजी होती. प्रतापने माझ्या पानात स्वतः दोनदा वाढली.

यादीचं पान उघडलंय. अपराध क्रमांक १८. बराच वेळ पेन धरून बसलोय. नाव कोणाचं लिहायचं कळत नाही.