बसलेला ससा

देरा, १९६४

अब्बांना खैरुद्दीनचा सलाम.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. अम्मीचा खोकला थांबला का? तुमच्या बंदुकीला धाकटा जहूर तेल लावतो ना?

शुक्रवारी नमाजानंतर आमच्या अरब शेठनी मला वाळवंटात शिकारीला नेलं. सशामागे जीप घातली. पळून पळून तो दमला आणि झुडपापाशी बसला. शेठनी रायफल माझ्या हातात दिली.

बसलेल्या सशावर तुम्ही आम्हाला कधी नेम धरू दिला नाहीत. तो उठून पळेपर्यंत थांबायला लावायचात. मी थांबलो नाही. बिस्मिल्ला म्हणून गोळी झाडली.

सगळ्यांनी पाठ थोपटली. शेठनी विचारलं, नेम कुणी शिकवला?

मी म्हटलं, कुणी नाही.

दुआ करत राहा, अब्बा.

तुमचा खैरुद्दीन